साडेआठपर्यंतचा दिवस

८ एप्रिल
दोन महिने वहीला हात लावला नाही. पेपर तपासणी हे कारण सांगता येईल, पण खरं नाही. आळस. चूक माझी.
हळद शिजवून झाली, परवापासून शेतात वाळत पडली आहे. गयाबाई आणि तिच्या पाचजणी ती उलटवायला ऊन चढायच्या आत येतात; साडेपाचला हजर, नऊला घरी. बायकांच्या ग्रुपवर उद्याचा हवामान अंदाज रोज संध्याकाळी मीच टाकते. बी.एस्सी. ना मी.
हवामान खात्याच्या नकाशावर आज नांदेड पिवळं होतं, म्हणजे इशारा: विजा आणि वारा. उद्या हिरवं, म्हणजे इशारा नाही. दिवस कोरडा गेला, सुटलो. लिहिलं, ‘उद्या काही नाही. या.’
तेवढ्यात सगळ्या मजुरी न्यायला आल्या. गयाबाई दारातूनच, "ताईचा मोबाईल हाय तवर पंचांग कशाला पायजे!"
सगळ्या हसल्या. मीही.

९ एप्रिल
सकाळी सात-दहाला बांधावरच्या बाभळीवर वीज पडली. गयाबाई वीसेक पावलांवर हळदीवर ताडपत्री ओढत होती. फेकली गेली. जिवंत आहे. नांदेडला नेलं. पाय हलत नाहीत.
बाकीच्या पाचजणी ठीक. पाच. पुन्हा पुन्हा मोजते आहे.

१० एप्रिल
आज-उद्या काम बंद ठेवलं. अंदाज परत उघडला. तळाशी बारीक अक्षरांत: प्रत्येक दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. म्हणजे काल सातला अंदाजातली आठ तारीखच चालू होती. पिवळी.
किती महिने हेच पान वाचते आहे, आणि सांगते कुणाला, तर साडेपाचला शेतात उतरणाऱ्या बायांना.
हळद आमची नसती तर ती ओळ आधी दिसली असती का? माहीत नाही. हे म्हणाले, "वीज काय तू पाडलीस?" नाही. पण ‘या’ असं मी लिहिलं.

११ एप्रिल
दवाखान्यात गेले. गयाबाईच्या डाव्या पायाची बोटं हलली. "कानात शिट्टी वाजून राहिली, ताई. मोठ्यानं बोला."
माझी चूक मोठ्यानं सांगावी लागली. अख्खा वॉर्ड ऐकत होता. साडेआठचं सगळं सांगितलं.
तिनं ऐकून घेतलं. मग, "बाकीच्यांला सांगितलं का?"
नाही सांगितलं. लाज वाटते.
ग्रुपवर आज काही टाकलं नाही. यापुढे टाकणार नाही. अंदाजही बघितला नाही.

१२ एप्रिल
साडेपाचला दारात बोलणं ऐकू आलं. पाचही जणी. पुढे गयाबाईची सून रेखा. पश्चिमेला चमकत होतं.
"कशाला आलात गं?"
"तुमी काय टाकलं न्हाई. म्हंजी साफ असंल, असं समजलो."
मी गप्प बसले, तोही अंदाजच झाला.
घरात घेतलं. चहा केला, साडेआठचं सगळ्यांना समजावलं. कुणी रागावलं नाही. ते जास्त लागलं. पाऊस आलाच नाही. जाताना रेखा, "आज तर फुकटच कोंडून ठेवलं, ताई." निम्मी थट्टा. निम्मी.
संध्याकाळ. आज हिरवं, उद्या पिवळं. आता वाचता येतं: हिरवं उद्या साडेआठपर्यंत. पहाटेचं काम बसतं त्यात. पण पहाटे चमकलं तेही हिरव्यातच की... नाही, ते कालच्या दिवसात. कालचं तर बघितलंच नव्हतं.
रेखाचा दुसऱ्यांदा मेसेज: ‘यायचं का?’
तीनदा लिहून खोडलं. शेवटी अंदाज जसाच्या तसा टाकला, वेळेसकट. ‘या’ लिहिलं नाही. ‘नका’ही नाही.
उद्या: पाचला, बाया निघायच्या आत, शेतात जाऊन आभाळ बघत उभं राहणे.