पत्रा की डांबरी कौलं

प्रिय ह्युगेतताई,

दोन्ही गालांचा पापा. गुडघे कसे आहेत? भावजी अजून चोरून मीठ खातात का?

तुला आठवतं, कॉन्व्हेंटमध्ये आपण जपमाळ ओढत बसलेलो असायचो आणि चॅपेलच्या पत्र्यावरचा सगळा बर्फ धडाडकन खाली यायचा? सिस्टर सेंट-लेआँ डोळे न उघडता म्हणायच्या, "एक आत्मा सुटला. पुढचा मणी." तू माझ्या बाहीत तोंड खुपसून हसायचीस. कालपासून तोच आवाज आमच्या घरी आहे, कारण वर्षभर चाललेलं छपराचं प्रकरण एकदाचं मिटलं.

जुनी डांबरी कौलं गळायला लागली होती. (माळ्यावर भांडी मांडली होती, त्यात तू लग्नात दिलेली सुपाची हंडीही. राग मानू नकोस.) मला पत्रा हवा होता. पत्र्यावर बर्फ टिकत नाही, म्हणजे तो उपसायला चौऱ्याहत्तर वर्षांच्या नवऱ्याला वर चढावं लागत नाही. रोझेर वरून घसरून बर्फाच्या ढिगात पडला होता, आणि उठून म्हणाला, "मी उतरतच होतो." त्याला पुन्हा कौलंच हवी होती. का, तर पत्र्याचा आवाज होतो. खरं कारण साऱ्या गल्लीला ठाऊक आहे: वादळ सरलं की हा आमच्या छपरावर, शेजारचा ओनेझिम त्याच्या छपरावर, आणि फावड्यांवर रेलून दुपारपर्यंत गप्पा. खाली भेटले की नुसती मान हलवतात.

शेवटी परीक्षा ठरली. लाकडांच्या खोपटावर अर्धा पत्रा, अर्धी कौलं. (त्याआधी रोझेरने दोन्हींचे तुकडे फ्रीझरमध्ये माशांशेजारी ठेवून चमच्याने ठोकून पाहिले. कौल तडकलं. फ्रीझर बिघडलाय म्हणे.) पंच म्हणून ओनेझिम आला. वादळानंतर ऊन पडलं, तेव्हा तो पत्र्याखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "रोलांद, अगं हा बर्फ तर हलतही..." पुढचं आम्ही त्याला उकरून काढल्यावर ऐकलं.

"पत्रा चांगलाय," टोपी झटकत तो म्हणाला. "माझ्या घराला नको."

सप्टेंबरात आमचा पत्रा बसला. काल पहिलं वादळ झालं, बर्फ आपणहून उतरला, आणि मी निवांत कॉफी प्याले. रोझेर खिडकीशी उभा राहून ओनेझिमच्या छपराकडे बघत होता. मला वाईट वाटलं, पण त्याची हाडं मोजत बसण्यापेक्षा ते बरं.

तुझी धाकटी,
रोलांद

ता. क. पावाच्या गाडीतून आमची लांब शिडी पाठवतेय. रोझेरने विचारलं तर ती तू मागितली आहेस, सफरचंदं काढायला. (डिसेंबरात नसतात, मला कळतं. तू आधीपासून तयारीत असतेस, एवढंच सांग.)

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बाहेर हसणं ऐकू आलं. रोझेर ओनेझिमच्या छपरावर आहे, ओनेझिमच्याच आखूड शिडीने चढलेला. ओनेझिमची बायको लॉरेत आत्ताच ती शिडी बगलेत मारून आमच्या स्वयंपाकघरात आली. "पुन्हा चढणार नाही" अशी दोघांनी शपथ घेतल्याशिवाय ती भिंतीला लावायची नाही, असं आमचं ठरलंय. तास होत आला. वरून अजून कुणी शिडी मागितलेली नाही.

तेव्हा लांब शिडी भावजींना. आखूड शिडी तुमच्या पाद्रीबाबांना, पण उद्याच्या गाडीने, हे उतरले तर. मांस भरून दोन तूर्तिएर भाजल्यात: थंड झालेली तुला, आणि गरम, दोरीला टोपली बांधून, वरच्यांना.