प्रार्थनापुस्तकांतली माणसं

४ मार्च
आले एकदाची! दोन खोल्या, मागे छोटं अंगण, आणि एक अख्खी भिंत भरून पुस्तकं. सामान उतरवायच्या आधीच मी त्या भिंतीसमोर फतकल मारून बसले. हमाल वैतागले. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, ताई, तुमची वाचून झाली की हाक मारा, तोवर आम्ही एक डुलकी काढतो.

जुनी कॅथलिक प्रार्थनापुस्तकं, संतचरित्रं, धर्मशास्त्राचे जाडजूड ग्रंथ हे माझं वेड, आणि जुनी पुस्तकं दुरुस्त करणं हा पोटाचा उद्योग. धाकट्या बहिणीने फोनवर चिडवलंच: वर्षातून एकदा चर्चची पायरी चढणारी बाई आणि घरात पुस्तकं बिशपला पुरतील एवढी.

हा संग्रह एका निवृत्त शिक्षिकेचा, बाईंचा. त्या आता चर्चच्या वृद्धाश्रमात सिस्टरांकडे राहायला गेल्या. घर भाड्याने दिलं आणि पुस्तकं मला तशीच. अट एकच होती. आमच्यात माणूस गेलं की घरचे लोक तळहाताएवढं कार्ड छापून वाटतात. फोटो, नाव, आणि ‘यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा’ अशी विनंती. लोक ते आपल्या प्रार्थनापुस्तकात ठेवतात. बाईंच्या प्रत्येक पुस्तकात अशी माणसं आहेत. रोज एक पुस्तक उघडायचं, जे कार्ड हाताला येईल त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, त्याला शांती मागायची, आणि कार्ड त्याच पानात परत ठेवायचं. नाव घेणारं कोणी उरलं नाही की ते बिचारे शुद्धिस्थानात, स्वर्गाच्या अलीकडच्या थांब्यावर, खोळंबून राहतात, असं बाई म्हणाल्या. बस चुकलेल्या माणसांबद्दल बोलावं इतक्या सहज. मी हो म्हटलं. पुस्तकांसाठी मी कशालाही हो म्हटलं असतं.

७ मार्च
खिडकीशी टेबल लावलं. कोपऱ्यात बाईंचं गुडघे टेकायचं लाकडी बाकडं आहे. त्याच्या फळीवर गुडघ्यांचे दोन खळगे पडलेत. हात फिरवला की गुळगुळीत लागतात.

माझी कामाची पद्धत ठरलेली: पुस्तक आधी रिकामं करायचं. टाचण्या, वाळकी फुलं, तिकिटं. त्यात कार्डंही निघाली. स्वस्त जाडा कागद, त्याने शेजारच्या पानावर तपकिरी चौकोन उमटतो, शिवण ताणली जाते. सगळी काढून एका पाकिटात घातली. चेहरे बघत बसलं तर काम होत नाही.

१२ मार्च
भिंत जवळजवळ रिकामी करून झाली. पुस्तकं कशी हलकी झाली, नीट मिटू लागली. पाकिटं मात्र चार फुगली. रद्दीवाला कातरणं न्यायला आला तेव्हा ती त्यालाच दिली. क्षणभर हात अडला होता. पण ठेवणार कुठे?

बाईंचा फोन आला. आज कोण भेटलं, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, एक म्हातारे गृहस्थ, मिशीवाले. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, तो आमचा पेटीवादक, भयंकर बेसूर, त्याला जरा जास्त शांती माग.

१५ मार्च
मिटलेली पुस्तकं सकाळी उघडी सापडतात, तपकिरी चौकोन असलेल्या पानांवर. शिवण सैल राहिली असेल.

दुपारी चहा घेऊन आले तर बाकड्याची फळी कोमट होती. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही.

बाईंना सांगितलं, आज एक लहान मुलगी भेटली. बाई म्हणाल्या, बरं केलंस, तिला अंधाराची भीती वाटायची.

किती सहज खोटं बोलले मी.

१९ मार्च
खोलीत माणसं आहेत. दिसत नाहीत. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या लोकांची असते ना, ती खुसफुस. खोकला दाबल्यासारखा. मी मान वर केली की थांबते.

बाकडं भिंतीकडे तोंड करून होतं. आता माझ्या टेबलाकडे आहे.

२१ मार्च
प्रार्थना करून पाहिली. त्या सगळ्यांना शांती दे, म्हटलं. खुसफुस थांबली, वाट पाहिली, पुन्हा सुरू झाली. सगळे म्हणजे कोण? मला एकही नाव आठवत नाही. वाचलंच नव्हतं.

रद्दीवाल्याकडे धावत गेले. माल कधीच कारखान्यात गेला. तो हसला. ताई, त्यांचे एव्हाना अंड्यांचे ट्रे झाले असतील.

२४ मार्च
अंडी आणली. ट्रेच्या करड्या खळग्यात एका डोळ्याएवढा छापील कागदाचा तुकडा होता, लगद्यात न विरघळलेला.
तो डोळाच होता.

२६ मार्च
सिस्टरांचा फोन. बाई पहाटे गेल्या. शेवटी फार तळमळल्या. ज्यांच्यासाठी जन्मभर प्रार्थना केली ते सगळे न्यायला येतील, या भरवशावर होत्या. दाराकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, मला न्यायला कोणीच कसं आलं नाही, सगळे तिच्याकडेच अडकलेत का.
तिच्याकडे म्हणजे कुणाकडे, असं सिस्टर मला विचारत होत्या.
मी फोन ठेवला.

२७ मार्च
माझं स्वतःचं प्रार्थनापुस्तक, लहानपणी आईने दिलेलं. त्यात कधीच कार्ड नव्हतं. आज मधल्या पानावर तपकिरी चौकोन. पहिल्या पानावर आईच्या हातचं माझं नाव होतं — ती जागा कोरी.

२८ मार्च
चौकोनात रेषा येताहेत. भांग. माझ्या चष्म्याची काडी —
पुस्तक मिटत नाही.
धाकटीला फोन लावला. ती म्हणाली, कोण बोलतंय. मी म्हटलं, अगं मी, ताई. ती अगदी नम्रपणे म्हणाली, आपला काहीतरी घोटाळा होतोय, मला बहीण नाही.
मागून तिच्या मुलाने विचारलं, कोण आहे गं. ती म्हणाली, कोणी नाही.

तारीख —
बाकड्यावर मी आहे. खळगे माझ्या गुडघ्यांना बरोबर बसतात. आता सगळे दिसतात. रागावलेले नाहीत, तेच सहन होत नाही — सरकून जागा देताहेत. लहान मुलगी माझा हात धरून उभी आहे. तिने विचारलं, तुझं नाव कोण घेणार —
बाई, चुकलं माझं —
ही वही ज्याला सापडेल त्याने आधी रिकामी करू नये. एकदा फक्त माझं नाव घ्या. मोठ्याने. सोपं आहे, आईने ठेवलेलं, ओठांवर आहे अगदी — माझं नाव