रुस्कोच्या गळ्यातला पट्टा

२४ ऑगस्ट

आलो एकदाचे! हँकॉकहून निघताना इल्मी म्हणाली, "या खोक्यांत कुत्र्याचं सामान किती आणि बायकोचं किती, ते एकदा मोज." मी मोजलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

घर झकास आहे. पिवळं, दोन मजली. मागच्या अंगणाच्या टोकाला वाफेनं अंघोळ करायची लाकडी सौना, तिच्यामागे लगेच अ‍ॅस्पेनची दाट झाडी. त्या झाडीत तित्तर आहेत हे रुस्कोनं गाडीच्या खिडकीतूनच ताडलं आणि माझ्या कानाशी कुईकुई करून मला बहिरं केलं.

घरमालक ओन्नी पलीकडच्या शेतावर राहतो. ऐंशीच्या पुढचा, पण ताठ. इल्मीसाठी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन आला आणि स्वतःच अर्धा खाऊन गेला. भाडं इतकं कमी सांगितलं होतं की छप्पर गळत असणार असं मी धरून चाललो होतो. गळत नाही. कुत्र्याची मात्र त्यानं सोयरीक जुळवायची असल्यासारखी चौकशी केली. पक्ष्यावर पॉइंट पक्का धरतो का? किती वेळ धरतो? मी म्हटलं, मी सांगेपर्यंत. म्हातारा भलताच खूश झाला.

इल्मीच्या हृदयाचं ऑपरेशन वसंतात झालं. डॉक्टरांनी शांतता सांगितली आहे, ती इथे पोत्यानं मिळते. हंगाम सुरू झाला की मी शिकाऱ्यांना घेऊन जंगलात असणार आणि ती दिवसभर इथे एकटी. जिवाला घोर आहे तो तेवढाच.

२९ ऑगस्ट

रुस्कोनं लाज आणली. झाडीत सोडला, चांगला काम करत होता, आणि एकाएकी माघारी फिरून थेट सौनेकडे पळाला. जाऊन बघतो तर बंद दारासमोर पॉइंट धरून उभा!

पॉइंट म्हणजे काय ते मी इल्मीच्या बहिणीला इतक्यांदा समजावलंय की झोपेतही सांगेन. कुत्रा झडप घालत नाही, भुंकत नाही. वास आला की एक पाय उचलून थिजतो, आणि समोरचा पक्षी त्या नजरेखाली जागच्या जागी दबून राहतो. नजर हटली की भुर्र. पण सौनेत कुठला पक्षी? मी दार उघडलं. शेगडी, तिच्यावर दगड, पाण्याची बादली, बसायच्या दोन फळ्या. वरच्या फळीवर चढूनही पाहिलं. तिथे थंडी वाजली, बाकी काही नाही. फळ्यांखाली साळिंदर असेल.

२ सप्टेंबर

आजही तेच. उद्याही तेच होणार. जेवायला बोलावलं तर येत नाही. ताटली तिथे नेली तर तिच्याकडे बघत नाही. पाय थरथरतात, पण नजर दारावर. उचलून आणावा लागतो, आणि सोडला की पुन्हा तिथे. हंगाम तोंडावर आलाय. असा कुत्रा घेऊन मी शिकाऱ्यांना काय दाखवू, सौना?

ओन्नी आला होता. तो म्हणाला, "उभा राहतोय तर राहू दे की. तुझं काय खातोय?" मी म्हटलं, तित्तर खाऊ देत नाहीये. आता झटक्याचा पट्टाच आणतो. म्हातारा म्हणाला, "दुसरा कुत्रा घे शिकारीला. हा इथेच असू दे." विचित्रच माणूस. मी हसण्यावारी नेलं.

५ सप्टेंबर

पट्टा आणला. ग्लेन्डाच्या दुकानात अर्धा दिवस गेला. इल्मी म्हणते लग्नाची अंगठी मी याहून लवकर निवडली होती. खरं आहे, तेव्हा एवढे प्रकार नव्हते.

पहिला पट्टा नुसता शिट्टी वाजवणारा आणि थरथरणारा. ग्लेन्डा म्हणाली, "हा तुझ्या सासूसाठी ने. कुत्र्याचं डोकं एकदा वासात अडकलं की असली गुदगुली त्याला कळत नाही." दुसरा लांबवर चालतो, पण रिमोटची बटणं इतकी नाजूक की हातमोजे घालून दाबताच येत नाहीत. तिसरा घेतला. झटका कमी-जास्त करायची चकती, भिजला तरी चालतो, आणि टोचण्या लांब; रुस्कोच्या मानेवर केस दाट आहेत, आखूड टोचण्या कातडीपर्यंत पोचल्याच नसत्या. झटका आपल्या हातावर घेतल्याशिवाय ग्लेन्डा कुणाला पट्टा विकत नाही. घेतला. खालच्या आकड्यांना मुंगी चावल्यासारखं, वरच्यांना शिवी निघाली. ती पोट धरून हसली.

मग गंभीर होऊन तिनं कृती सांगितली. आठवडाभर नुसता गळ्यात घालायचा. नको त्या जनावरावर डोळा लावून असेल तेव्हाच बटण दाबायचं, आणि त्या वेळी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आपण ओरडलो तर कुत्र्याला कळतं की शिक्षा धन्यानं केली. गप्प राहिलो तर त्याला वाटतं, समोरच्या त्या जनावरानंच आपल्याला लांबून डसलं. मग जन्मात तो त्याच्याकडे बघत नाही. हरणांच्या मागे लागणारे कितीतरी कुत्रे तिनं असे सुधारलेत.

९ सप्टेंबर

आठवडा थांबायला सवड नव्हती. आज केलं.

तो दारासमोर थिजला होता. मी लाकडांच्या ढिगामागे उभा राहिलो, हूं की चूं केलं नाही. मधला आकडा. तो हलला नाही. वाढवला. नाही. शेवटच्या आकड्याला तो किंचाळला. माणसासारखा. तरी दारावरची नजर त्यानं काढली नाही; मला आणखी दोनदा दाबावं लागलं. मग मान फिरवली आणि पोट जमिनीला घासत घराकडे आला.

इल्मी खिडकीतून बघत होती. माझ्याशी बोलत नाहीये. मलाही जेवण गेलं नाही. पण काम झालं.

१२ सप्टेंबर, शनिवार

झालं गेलं विसरून आज सौना पेटवली. शनिवारी सौना नाही म्हणजे शनिवारच नाही, असं इल्मीचं मत. डॉक्टरांनी थोडा वेळ परवानगी दिलीय. शेगडी छान तापली. मी आधी बाहेर पडून घरी आलो, कॉफी ठेवली. ती मागून आली, गाल लाल, खुशीत. म्हणाली, "दगडांवर पाणी बेताबेतानं टाकायचंस रे, वाफेनं श्वास कोंडला माझा."

मी पाणी टाकलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात होतो.

तिला सांगितलं नाही. तिचं हृदय.

१५ सप्टेंबर

हंगामाचा पहिला दिवस. जंगलात रुस्को सोन्यासारखा वागला, शिकारी खूश. घरी आलो तेव्हा इल्मी शाल पांघरून बसली होती. दिवसभर थंडी वाजतेय म्हणाली. वरच्या मजल्यावर चालल्याचा आवाज येत होता, तिला वाटलं मीच लवकर आलोय.

रुस्को आत आला आणि जिन्याकडे पाठ करून बसला. हाक मारली तर मागे मागे सरकत आला, पण जिन्याकडे तोंड केलं नाही.

१८ सप्टेंबर

आज जिना चालतो त्याला. आज जेवणाच्या टेबलाकडे बघत नाही. इल्मीच्या समोरच्या खुर्चीकडे.

मला कळतंय हे काय आहे. कळून घ्यायचं नाहीये.

१९ सप्टेंबर

ओन्नीच्या घरी गेलो. पट्ट्याचं ऐकून म्हातारा खाली बसला. म्हणाला, आधीच्या भाडेकरू जोडप्याचा कुत्रा असाच उभा राहायचा. बर्फातसुद्धा त्याला तिथेच जेवण द्यायचे. कुत्रा म्हातारा होऊन मेला. पुढच्या आठवड्यात नवरा एकटाच घर सोडून गेला. एकटाच. मी गळपट्टी धरली त्याची, देवा, ऐंशी वर्षांच्या माणसाची. सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर राहिला असतास? तुझा कुत्रा पक्का होता रे. मला वाटलं, आता दहा वर्षं निभावलं."

सौनेत जे काही आहे, त्याला रुस्को खिळवून ठेवत होता. आणि मी माझ्या हातानं रुस्कोची नजर हटवली.

२० सप्टेंबर

पट्टा काढून तळ्यात फेकला. रुस्कोला दारापाशी नेलं, थोपटलं, तित्तराची पिसं नाकाला लावली, पाया पडलो त्याच्या. तो मान फिरवतो आणि थरथरतो. त्याला वाटतं, ते डसतं. मीच शिकवलं. हे शिकवलेलं पुसता येत नाही —

ओन्नी म्हणतो, माणसाच्या नजरेनंही ते थोडा वेळ अडतं. पापणी जड होईपर्यंत.

२१ सप्टेंबर

इल्मीला सगळं सांगितलं. हसली नाही. म्हणाली, "माझ्या अंथरुणाच्या कडेला कुणीतरी बसतं. मला वाटायचं तू." मी तिला बहिणीकडे जा म्हटलं. मला सोडून जाणार नाही म्हणते. ओरडलो. रडली. उद्या जाते म्हणाली.

तिला काही होऊ नये. दुसरं काही मागत नाही मी.

२२ सप्टेंबर

सकाळी. रुस्को सौनेकडे बघत नाही. म्हणजे ते आत आहे. दार उघडं टाकून समोर बादली पालथी घालून बसलोय. वरच्या फळीवरून नजर काढणार नाही, इल्मी लांब जाईपर्यंत. न बघता लिहितोय, ओळी कुठे जातात देव जाणे. लिहिलं नाही तर डोळा लागेल. रात्रभर झोपलो नाही.

इल्मी मागे उभी होती. डोक्यावर ओठ टेकवले. मी वळलो नाही. वळता आलं नाही —

गाडी सुरू झाली. निघाली. जा. जा राणी, थांबू नकोस —

फाटक ओलांडलं. आवाज लांब चाललाय. सुटली. माझं काय व्हायचं ते होवो.

रुस्को उठलाय. माझ्या पायाशी होता, पुढे गेला — उंबऱ्याचा वास घेतोय — आत गेला. शेपूट हलतेय. वरच्या फळीकडे बघतोय. सरळ बघतोय. चढून बसला तिथे —

मग ते कुठे

बाहेर आला. रस्त्याकडे तोंड करत नाही. मी मान धरून वळवतो, तो डोळे मिटतो —

गाडी वळणावर थांबली. हॉर्न. एकसारखा हॉर्न, थांबतच नाही — इल्मी —

थांबला.

रस्त्यानं कुणीतरी येतंय. तिचं निळं जाकीट. तीच आहे. हात हलवतेय, हाक मारतेय, आवाज तिचाच — चालतेय कशी एवढी भरभर, तिला तर दम —

रुस्को, बघ तिच्याकडे. बघ रे बाळा, एकदा. नुसतं बघ तिच्या —