चिमट्याखालचं पान

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकविक्री, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हे डॉक्टर दर गुरुवारी आमच्या दुकानात कथा ऐकायला येतात आणि दुसऱ्या पानाला झोपतात, तेव्हा त्यांच्या दाखल्याचं वजन ज्याने त्याने ठरवावं. याआधी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात चार-पाच तोंडी केली होती, ती या लेखाने रद्द समजावीत.

कलम एक. माझी मिळकत अशी: तळमजल्यावरचं दुकान, त्यातली पुस्तकं, वरच्या दोन खोल्या, चहाची मोठी किटली, बत्तीस घडीच्या खुर्च्या आणि वाचकाची खुर्ची. बत्तिसांपैकी एक लंगडी आहे. ती शोधावी लागत नाही, तिच्यावर नेहमी नवा माणूस बसलेला असतो. वाचकाची खुर्ची मूळची न्हाव्याची. शेजारच्या न्हाव्याने दुकान नवं केलं तेव्हा ती मला दिली. दांडी दाबली की वर जाते, ओढली की खाली येते. दर गुरुवारी साडेपाच वाजता कोणीतरी तिच्यात बसून कथा, कविता किंवा पुस्तकातलं प्रकरण वाचतं आणि गल्लीतले लोक ऐकतात. असे एकेचाळीस वर्षांचे गुरुवार झाले. तेही मिळकतीत धरावेत असं मी म्हटलं, पण वकीलबाईंनी ते खोडलं.

कलम दोन. ही सर्व मिळकत मी माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, देत आहे.

इथे वकीलबाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाल्या, "तुमचं तर चौदा वर्षं बोलणं नाही ना?"

"मी कुठे बोलतेय? मी लिहितेय."

अट एकच. ताईने वाचकाच्या खुर्चीत बसावं आणि या मृत्युपत्राचं शेवटचं पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. ती आली नाही, किंवा येऊनही खुर्चीत बसली नाही, तर सगळं भाच्याला जाईल. मग इथे गुरुवार म्हणजे आठवड्यातला एक वार, एवढंच उरेल. ताईला हे चांगलं समजतं. समजावं म्हणूनच लिहिलं आहे.

कलम तीन. भाचा म्हणजे माझ्या दिवंगत भावाचा मुलगा. जागांची दलाली करतो. मुलगा वाईट नाही. मी आजारी असताना त्याने मला दोनदा दवाखान्यात नेलं. पण दुसऱ्या खेपेला मला गाडीत बसवून "आलोच, आत्या" म्हणत आत गेला आणि दुकान मोजून आला. वाटेत मला धाप लागली होती, तेव्हा तो म्हणाला, "आत्या, साडेअठरा बाय अकरा. बुटांचं दुकान झकास चालेल." त्या दिवशी घाईत तो मोजपट्टी प्रवासवर्णनांच्या कपाटात विसरला. ती मी त्याला परत देत आहे. काहीही झालं तरी ती त्याचीच आहे.

कलम चार. आमच्या कवीला माझं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ द्यावं. कवी एका बैठकीत तेवीस कविता वाचतो. अकराव्या कवितेला "ही शेवटची" म्हणतो आणि मग "एक छोटीशी" म्हणत आणखी बारा वाचतो. त्याला थांबवायची आमची पद्धत सरळ आहे. मी मागे जाऊन दांडी हलकेच ओढते. खुर्ची खाली, कवी खाली, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत काउंटरवरून फक्त वहीचा कोपरा दिसतो. एकदाही त्याने वाचन थांबवलं नाही. या चिकाटीबद्दल मला त्याचा आदर वाटतो, हे त्याला माझ्या पश्चात कळवावं. माझी शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर त्याला बोलावू नये.

कलम पाच. डॉक्टरांना मागच्या रांगेतली हिरवी उशी. ते जागे झाले की घाबरून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवतात, त्यामुळे नव्या लेखकांना ते मोठे जाणकार वाटतात. दोघा-तिघांनी तर त्यांना पुस्तकं अर्पण केली आहेत.

कलम सहा, भांडणाविषयी. वकीलबाई म्हणतात, भांडण ही मिळकत होत नाही. चौदा वर्षं जी वस्तू मी रोज पुसून ठेवली ती मिळकत कशी नाही, ते त्यांनी मला पटवून द्यावं. तोवर हे कलम राहील.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे: गोष्टीचं शेवटचं पान इथे वाचायचं नाही. वाचक त्याच्या आधी थांबतो, पुस्तक मिटतो आणि म्हणतो, "उरलेलं तुमचं." मग लोक चडफडत ते पुस्तक विकत घेतात. नियम मोडू नये म्हणून शेवटच्या पानांना कपड्यांचा चिमटा लावलेला असतो. कुठे थांबायचं ते ठरवून चिमटा लावायचं काम सुरुवातीपासून ताईचं. ती आधी पुस्तक पूर्ण वाचायची आणि मग लावायची. मी का लावत नव्हते, ते शेवटच्या पानावर आहे.

त्या गुरुवारी मी खुर्चीत होते. कादंबरी होती एका होडीवालीची. रोज संध्याकाळी पलीकडच्या काठावर घंटा वाजते. ती होडी घेऊन जाते, पण काठावर कोणी नसतं. वर्षानुवर्षं हेच. एकूणएक खुर्ची भरली होती आणि डॉक्टरसुद्धा जागे होते. मी चिमट्यापर्यंत आले, पुस्तक मिटलं आणि "उरलेलं तुमचं" म्हणणार, तोच ताई उभी राहिली.

"शेवट मी सांगते," ती म्हणाली. "घंटा तिची धाकटी बहीण वाजवायची. होडी जवळ आली की तिला जुनं भांडण आठवायचं आणि ती झाडामागे लपायची. एक दिवस होडीवालीने होडी काठाला लावली आणि परत फिरलीच नाही. तिथेच बसून राहिली. अंधार पडल्यावर धाकटीला भूक लागली आणि ती बाहेर आली."

लोक रडले. न्हावी तर हुंदके देऊन रडला. त्या दिवशी एकही प्रत खपली नाही. अकराच्या अकरा काउंटरवर तशाच राहिल्या.

मी खुर्चीतूनच, म्हणजे बऱ्याच उंचीवरून, म्हणाले, "ताई, निघ इथून."

"निघते," ती म्हणाली. "आता तू बोलावल्याशिवाय पाऊल ठेवणार नाही."

मी बोलावलं नाही, ती आली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचा सुंभही शाबूत आहे. ती दोन गल्ल्या सोडून राहते. दर गुरुवारी साडेपाचला समोरच्या फुटपाथवरून जाते, इकडे न बघता, आणि इकडे न बघण्यासाठी पावलं बरीच हळू टाकते. मी तेवढ्या वेळापुरती शब्दकोशांच्या कपाटामागे जाते. धूळ झटकायला. चौदा वर्षांत ते कपाट लख्ख झालं आहे.

कलम सात. त्या अकरा प्रती खाकी कागदात बांधून माळ्यावर ठेवल्या आहेत. त्या विकू नयेत, कोणाला भेट देऊ नयेत, परतही पाठवू नयेत. त्या ताईच्या. दुकान तिने घेतलं नाही तरीही.

कलम आठ. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. ती आधी गेली तर काय, असं वकीलबाईंनी विचारलं. ती तसं करणार नाही. माझ्याकडून दुकान मिळवल्याचं सुख ती किमान दहा वर्षं भोगेल. तरी कायद्याच्या समाधानासाठी: तसं झालंच तर भाचा, बूट आणि साडेअठरा बाय अकरा.

कलम नऊ, वाचनाविषयी. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, असं वकीलबाईंचं म्हणणं आहे. पण मी आयुष्यभर लोकांना शेवटाआधी उठवलं, तेव्हा माझ्याही बाबतीत तेच होणार हे दिसतं आहे. इतर कुठल्याही गोष्टीचा शेवट हुकला तरी चालेल, हा हुकलेला मला चालणार नाही. आणि मेल्यावर ऐकू येतं याचा काही पुरावा नाही. सबब हे मृत्युपत्र येत्या गुरुवारी साडेपाच वाजता, दुकानात, मी हयात असताना वाचलं जाईल. पहिली पानं वकीलबाई वाचतील. त्यांचा आवाज खणखणीत आहे, डॉक्टरांचीसुद्धा धडगत नाही.

या लेखाची एक प्रत आजच कोपऱ्यावरच्या चावीवाल्याच्या हाती ताईकडे पाठवत आहे. तिने बोलावणं मागितलं होतं. हे बोलावणं.

कलम दहा पुढच्या पानावर आहे. त्याला चिमटा लावला आहे.

कलम दहा. ताई, हे तू वाचते आहेस म्हणजे खुर्चीत बसली आहेस. दांडीजवळ कोणी नाही, मी बघून घेतलं आहे.

समोर बसलेल्यांना आधी हे सांग, की या बाईने एकेचाळीस वर्षं पुस्तकं विकली आणि त्यातलं एकही शेवटपर्यंत वाचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लोकांना वाटलं, नियम म्हणजे धंद्याची युक्ती. मीही तसंच सांगत आले. खरं तुला ठाऊक आहे. सुट्टीच्या दुपारी बाबा आपल्याला गोष्ट वाचून दाखवायचे, मला मध्येच झोप लागायची, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी तू शेवट सांगायचीस. तेव्हापासून शेवट म्हणजे ताईने सांगायचा, असंच माझ्या डोक्यात बसलं. शेवटचं पान स्वतः उघडायचं म्हणजे न विचारता कोणाच्या घरात शिरल्यासारखं मला वाटतं. म्हणून चिमटा तू लावायचीस.

आता दुसरी गोष्ट. तू निघालीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रागारागाने चिमटा काढला. म्हटलं, बघू तरी मूळ शेवट हिच्याहून किती बरा आहे. पान एकशे सत्त्याहत्तर. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, "पेटीची साफसफाई व राणीमाशीची निगा." पुढची सगळी पानं मधमाश्यांची. बांधणाऱ्याने शेवटचा फॉर्मा, म्हणजे सोळा पानांची जुडी, भलत्याच पुस्तकाचा घातला होता. मी अकराही प्रती उघडल्या. अकराही ठिकाणी मधमाश्या.

तू ते आदल्या दुपारीच पाहिलं होतंस. "आज दुसरं काहीतरी वाच" म्हणाली होतीस आणि मी म्हटलं होतं, "तू चिमटा लाव, बाकीचं मी बघते." लोकांनी त्या प्रती घरी नेल्या असत्या तर होडीवालीची राणीमाशी झाली असती आणि माझं गल्लीभर हसं. ते होऊ नये म्हणून तू उभी राहिलीस आणि कुठल्याच पुस्तकात नसलेला शेवट जागच्या जागी रचून सांगितलास. पुस्तक सदोष आहे असं म्हणून मला त्या उंच खुर्चीवर लाजवलं नाहीस. मी काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हाच मला संशय आला, की बाबांच्या वेळीही तू झोपलेलीच असायचीस.

माझी चूक मला त्या सकाळी नऊ वाजता कळली, ताई. सांगायला चौदा वर्षं लागली, तीही दोन गल्ल्या चालताना पाय दुखतात म्हणून नाही. आधी लाज वाटली, मग लाज वाटण्याचीच सवय झाली. मला माफ कर. तुझ्याशिवायचा एकही गुरुवार मला आवडला नाही. एकदा तर मी दांडी न ओढता कवीच्या तेवीसही कविता ऐकल्या, कारण दांडी ओढल्यावर हसून बघायला समोर कोणी नव्हतं.

त्या कादंबरीची चांगली प्रत पुढे आली. तिला मी चिमटा लावून ठेवला आहे, तो आजवर काढलेला नाही. होडीवालीचा शेवट मला तू सांगितलास तोच पुरे.

या लेखाचा शेवट काय होतो, ते मला माहीत नाही. मी मागच्या रांगेत, लंगड्या खुर्चीवर बसले आहे. तू सांग.

हे लेखपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं, वाचून पाहिलं आणि, आयुष्यात प्रथमच, शेवटपर्यंत वाचून पाहिलं.

सही: पुस्तकवाली
स्थळ: दुकानाचा काउंटर
दिनांक: नऊ, वार सोमवार, दुपारचे चार. महिना आणि वर्ष वकीलबाईंनी शिक्क्यात घातलं आहे.

साक्षीदार एक: चावीवाला, कोपऱ्यावरचा
साक्षीदार दोन: न्हावी, शेजारचा

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे दोघांना सहीआधी सांगितलं होतं. न्हावी म्हणाला, "खुर्ची मीच दिली होती, आता आणखी काय घेऊ?"

साक्षीदार एक याची नोंद, त्याच दिवशी, संध्याकाळी सहा वाजता:

प्रत ताईंच्या घरी पोचवली. त्यांनी दारातच उभ्या उभ्या वाचली. कवीच्या कलमाला हसल्या. कपाटाच्या धुळीपाशी आल्या तेव्हा चष्मा काढून पुसला. चिमट्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. मी म्हटलं, "काढा की." त्यांनी चिमट्यासकट कागद माझ्या हातात परत दिले आणि म्हणाल्या, "राहू दे. शेवट मला माहीत आहे. तिला म्हणावं, खुर्ची पुसून ठेव."