आज भाकरी कुणी केली

शुक्रवार, शाळेतून आल्यावर

नव्या बाईंनी आज डबा खाताना विचारलं, "मॅडम, तुम्ही या विशेष मुलांच्या शाळेत कशा आलात?" मी म्हटलं, विशेष शिक्षणाच्या डी.एड.ला नंबर लागला. खोटं नाही. पण सोलापूरच्या उन्हात घरी येईपर्यंत ते उत्तर टोचत राहिलं.

खरं उत्तर गौरा. माझी धाकटी बहीण. उशिरा बोलायला लागली, शाळेत टिकलीच नाही. गावी वळसंगला आई भाकरी थापायची, भाजायची, निखाऱ्यावर फुगवायची. गौरानं ती नुसती उचलून दुरडीत ठेवायची. आणि आई घरभर सांगायची, "आज भाकरी गौरानं केली हाय!" मला असला राग यायचा! पीठ मळायचं मी, नाव हिचं.

पुढं भाजणं तिच्याकडं आलं. मग पाणी लावणं. थापणं सगळ्यात शेवटी. दुरडीकडून परातीकडं, अशी उलट्या क्रमानं शिकली ती.

कोर्समध्ये सर म्हणाले, शेवटची पायरी आधी शिकवा, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. मला वर्गातच चुलीचा धूर आठवला. या मुलांना शिकवायचं तिथंच ठरलं का माझं? की चुलीपुढंच?

आता आई नाही; गौरा भाऊ-वहिनीजवळ असते. दिवाळीत गावी गेले तेव्हा सगळ्या भाकरी गौरानंच केल्या. शेवटची फुगली तशी हाक मारली, "ताई, ही दुरडीत तू ठेव की."

ठेवली. तर ही दारात जाऊन वहिनीला ओरडून सांगतेय, "आज भाकरी ताईनं केली हाय!"