अण्णांचा आवाज आणि चौसष्टशेची रॅम

३ मार्च, पार्से
नवा कॉम्प्युटर आला. दिनेशने डिचोलीहून आणून स्वतः जोडला. शाळेतला सोबती, म्हणून त्याच्याच दुकानातून घेतला. प्रोसेसरला रॅमचा वेग झेपतो ५६००, असं कंपनीच लिहिते. याने ६४००ची घातली आणि सेटिंग बदलून तेवढ्यावरच चालू केली. विचारलं, चालेल ना?
"काय होवचा नाय गो सुषमा. सगळे अशेच चालयतत."
भजनांचं एडिटिंग झरझर होतंय खरं.

९ मार्च
अण्णांच्या घशाचा रिपोर्ट. स्वरयंत्र काढावं लागणार. २४ला ऑपरेशन. देवळात जन्मभर गायलेला माझा बाप. परत येताना बसमध्ये म्हणाले, "बाय, तवसर माजी भजना भरून घे." मी हो म्हटलं. ऑपरेशनच्या आत सगळी रेकॉर्ड करायची.

१४ मार्च
रोज सकाळी एक, फार तर दोन भजनं. आवाज घोगरा, सूर मात्र जागच्या जागी. आज पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू मध्येच वाजला, एक परत घ्यावं लागलं. दमले. रेकॉर्डरला कार्ड एकच, लहान. दुपारी सगळं कॉम्प्युटरवर उतरवते, तिथून पेन ड्राइव्हवर, मग कार्ड पुसते.

२० मार्च
कॉम्प्युटरचा स्क्रीन निळा पडून सगळं बंद. दिनेशला फोन. "गरम झालो आसतलो, फॅन लाय." टेबलफॅन लावला. बरं वाटलं नाही. पण अण्णा पेटी-टाळ घेऊन तयार बसलेले, चारच दिवस उरलेले. थांबले नाही.

२४ मार्च
पाच तास. व्यवस्थित झालं म्हणतात. आत नेताना मला हाक मारली. वळले तर काम काहीच नव्हतं. नुसती हाक.

२ एप्रिल
अण्णा घरी. गळ्याला नळी, हातात पाटी. त्यांना ऐकवण्याआधी म्हणून मी हेडफोन लावून बसले. तिसऱ्या भजनात करकर, मग काहीच नाही, मग पुन्हा आवाज. पेन ड्राइव्हवरही तेच; प्रत इथूनच केलेली ना. दिनेशने वाढवलेला वेग आठवला.
रॅमची तपासणी चालवली. स्क्रीनभर लाल ओळी. वेग ५६००वर आणला, पुन्हा चालवली. एकही चूक नाही.
आधी बिघडलेलं भजन मात्र तसंच.

३ एप्रिल
दिनेश धावत आला. पुसलेलं परत निघतं का बघायला कार्ड घेऊन गेलाय. पण त्याच्यावर रोज नवीन भरलंय, शेवटच्या दिवसाचं निघालं तर निघेल. "चुकलंय गो," म्हणाला, खाली बघून. भांडायचं ठरवलं होतं. निळा पडला त्या दिवशी मी तरी कुठे थांबले?
सोळा भजनं. आतापर्यंत नऊ ऐकली, चार बिघडलेली. पुढची उघडवत नाहीत. अण्णा रोज खुणेने विचारतात. उद्या, म्हणते.

६ एप्रिल
सांगून टाकलं. सगळं.  अण्णांनी पाटीवर लिहिलं, "लाव."
तिसरं लावलं. करकर सुरू होताच बंद करायला गेले, तर मनगट धरलं. दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका चालूच. आवाज नव्हता तेवढा वेळही चालू. आवाज परतला तेव्हा हात बरोबर समेवर पडला.
माझ्याकडे बघितलं नाही. लिहिलं, "न ऐकलेली लाव."
सात आहेत. पहिल्यावर माउस नेलाय, आता क्लिक करते. अण्णांनी डोळे मिटून घेतलेत.