पर्यटक म्हणून आलो आहोत

हॉटेल, खोली क्र. ११
दि. ३ ऑक्टोबर, दुपार

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्रास कारण की, मी आणि तुझी वहिनी काल तुमच्या राजधानीत येऊन थडकलो. घाबरू नकोस, पर्यटक म्हणून आलो आहोत. हॉटेलात खोली घेतली आहे आणि सात तारखेच्या सकाळच्या बसने परत जाणार आहोत. बावीस वर्षं तू इथे राहतेस, त्यात एकदाही 'या' म्हणाली नाहीस, आणि न बोलावता कुणाच्या दारात उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. सख्ख्या बहिणीच्यासुद्धा नाही.

राजधानी बघायला म्हणून बाहेर पडलो तो बोलता बोलता तिच्या पलीकडे निघालो. मागे फिरावं लागलं. संसदेच्या तळमजल्यावर चपलांचं दुकान आहे. अर्थखात्याच्या खिडकीत कुणाचे तरी पायमोजे वाळत होते. सगळं गाव डोंगराच्या उतारावर पायऱ्यांनी टांगलेलं. पाव आणायला ऐंशी पायऱ्या उतरायच्या, आणि वर येईपर्यंत तो रस्त्यातच खाऊन संपवायचा.

सकाळी शहरदर्शनाला गेलो होतो. गाईड म्हणजे कानटोपी घातलेला एक दाढीवाला, अतिशय लोचट. संसदेला दोनशे बारा पायऱ्या आहेत असं त्याने ठोकून दिलं. मी मोजल्या, दोनशे सात भरल्या. चौतीस वर्षं भूमापन खात्यात काढलेल्या माणसाला हे सांगतो. मी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं की पर्यटकांना आकडे तरी खरे सांगत जा. त्यावर नुसता हसला, आणि मग दर वळणावर मला एकट्यालाच विचारत राहिला की दम तर लागला नाही ना.

कळावे. लोभ पूर्वी होता तेवढा तरी असू दे.

तुझा,
दादा

---

पोस्ट कचेरी, मागची खोली
दि. ३ ऑक्टोबर, संध्याकाळ

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन तासांत पोचलं. या गावात टपाल लवकर पोचतं, कारण जायला लांब काही नाहीच. त्यावर शिक्काही मीच मारला. खिडकीवर बसते ना मी.

तो कानटोपीवाला लोचट दाढीवाला तुझा मेहुणा आहे. तू त्याला लग्नात पाहिलंस आणि नंतर एकदा, दोन्ही वेळा घड्याळाकडे बघत. त्याने मात्र तुला तू चष्मा पुसलास तेव्हाच ओळखलं. बोलला नाही, कारण तू आधी ओळख दाखवशील असं त्या बिचाऱ्याला वाटत राहिलं. घरी येऊन पोट धरधरून हसला. मग म्हणाला की तुझे दादा दर टप्प्यावर देखावा बघायला थांबत होते, आणि दोन ठिकाणी तर समोर नुसती भिंत होती. म्हणून तो दमाचं विचारत होता.

पायऱ्या दोनशे बाराच आहेत. खालच्या पाच फुटल्या म्हणून त्यांच्यावर फळ्या टाकल्यात. तुझं भूमापन फळीवरून चालत गेलं.

राहता राहिलं आमंत्रण. आमचं हिरवं दार तुझ्या हॉटेलाच्या जिन्यातून दिसतं. भावाला बहिणीच्या घरी यायला आमंत्रणपत्रिका लागते हे मला माहीत नव्हतं. ती मी छापून घेणार नाही. वहिनींना नमस्कार. त्यांची मला दया येते.

तुझ्या लोभाची वाट बघणारी,
धाकटी

---

खोली क्र. ११
दि. ४ ऑक्टोबर, दुपार

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांग. लोचट हा शब्द मी मागे घेतो. पायऱ्या दोनशे सातच दिसतात हे मात्र मागे घेत नाही.

आज राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. दोन दालनं आहेत, त्यातलं एक बंद, कारण त्याची किल्ली तिथल्या बाई माहेरी घेऊन गेल्या आहेत. उघड्या दालनात शेवटच्या राजाची खुर्ची आहे, तिच्यावर पहारेकरी बसला होता. मी आक्षेप घेतल्यावर तो उठला आणि मला बसायला सांगू लागला. बेकरीच्या रांगेत माझ्यामागे जो उभा होता तो शिक्षणमंत्री निघाला. सुट्या पैशांवरून बेकरीवाल्याने त्याला सगळ्यांदेखत झापलं. राज्यकारभार असा डोळ्यांसमोर चाललेला मी प्रथमच पाहिला, आणि एकूण बरा वाटला.

आता आमंत्रणाचं. आई आजारी होती तेव्हा तू आली नाहीस. का, तर दादाने बोलावलं नाही. आई गेल्याला अकरा वर्षं झाली, आणि आपण एकमेकांची तोंडंही पाहिली नाहीत. सख्ख्या आईपाशी यायला तुला बोलावणं लागत होतं, मग मी न बोलावता कसा येऊ ते तूच सांग.

लोभाचं काय करायचं ते तुझ्यावर सोपवून,
दादा

---

पोस्ट कचेरी
दि. ५ ऑक्टोबर, सकाळ

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बोलणं काढलंसच तर ऐक. मी तुला पत्र पाठवून विचारलं होतं, आईसाठी येऊ का. तुझं उत्तर माझ्या ट्रंकेत आहे, एका ओळीचं: 'तुझं तू ठरव, इकडची काळजी करू नकोस.' कचेरीतल्या हाताखालच्या माणसालाही तू याहून जास्त लिहीत असशील. मी त्याचा अर्थ घेतला, येऊ नकोस. माझी बॅग भरलेली होती. ती मी रिकामी केली, एकेक कपडा घडी करून परत कपाटात ठेवला. नवव्या दिवशी आई गेल्याची तार याच खिडकीवर आली आणि मीच ती उतरवून घेतली. पाठोपाठ बर्फ पडला, घाट बंद झाला. शेवटचं दर्शनही नाही.

तेव्हा, दादा, तू खुशाल पर्यटन कर. गरम पाण्याचे झरे राहिलेत तुझे बघायचे. तिथे आमंत्रण लागत नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी

---

खोली क्र. ११
दि. ५ ऑक्टोबर, संध्याकाळ

चि. सौ. वन्संस,
अ. उ. आ.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. तुमचं सकाळचं पत्र वाचल्यापासून हे जेवले नाहीत. झरे बघायला जातो म्हणून निघाले आणि नेहमीसारखे चौकात जाऊन उभे राहिले. तिथून तुमची खिडकी दिसते. मी विचारलं तर चौकातल्या घड्याळात वेळ बघतो म्हणाले. ते घड्याळ बंद आहे हे हॉटेलातल्या झाडूवालीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

वन्सं, हे पर्यटनाला आलेले नाहीत. पुढच्या महिन्यात यांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी डोंगर चढायची साफ मनाई केली होती. हे म्हणाले, आधी एकदा जाऊन येतो, मग काय चिरायचं ते चिरा. इथवर आले, आणि शेवटच्या चाळीस पावलांना यांचा मान आडवा आला.

ते एका ओळीचं उत्तर मला आठवतं. त्याआधी यांनी चार पत्रं लिहून फाडली होती. दुसऱ्यात 'लगेच ये' असं होतं. मग यांच्या डोक्यात आलं, थंडीच्या तोंडावर घाट, तुमची नोकरी, आणि आई बरी झाली तर फुकट हेलपाटा. म्हणून तुमच्यावर सोडलं. यांना वाटलं आपण समजूतदारपणा केला. मी तेव्हाच मधे पडायला हवं होतं, पण या घरात सून मधे पडली की दोघं मिळून तिच्यावर उलटता.

परवा सातची बस आहे. यांनी तिकिटं दोनदा तपासलीत आणि दोन्ही वेळा तोंड वळवून डोळे पुसलेत. एका आईची दोन लेकरं, एकासारखं एक, आणि मधे मी जन्मभर निरोप्या. कंटाळले आता.

लोभ तुमचा दोघांचा आपापसांत व्हावा, माझ्यावर नंतर करा.

तुमची,
वहिनी

---

पोस्ट कचेरी, मागची खोली
दि. ६ ऑक्टोबर, दुपार

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सकाळी मिळालं. ते वाचून मी हॉटेलावर यायला निघणार, तेवढ्यात अकराच्या सुमाराला दादाच पोस्टात आला. खिडकीसमोर दुसरं कुणी नव्हतं, तरी जरा लांब रांगेत असल्यासारखा उभा राहिला. मग पुढे येऊन एक पाकीट आत सरकवलं आणि रजिस्टर करायचंय म्हणाला. वर माझं नाव. मी नियमाप्रमाणे सांगितलं की पाठवणाऱ्याचा पत्ता राहिलाय. त्याने पेन मागितलं. लिहून पाकीट परत दिलं, तर पाठवणाऱ्याच्या जागी आमच्याच घराचा पत्ता, गल्ली आणि घर नंबरासकट.

मी म्हटलं, इथे पाठवणारा राहतो तो पत्ता लागतो. तो म्हणाला, माहीत आहे. आमचे पोस्टमास्तर टाचा उंचावून बघत होते. तोवर शिक्षणमंत्री तिकिटं घ्यायला येऊन उभे होते, त्यांना मी अर्धा तास खोळंबवून ठेवलं.

खोटं कशाला सांगू, तुझं तू ठरव हे शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. पण त्याचं तोंड बघवेना. मी शिक्का मारला, पावती फाडली, स्वतःच सही करून पाकीट घेतलं आणि फोडलं. आत कोरा कागद होता. मी खिडकी बंद केली आणि बाहेर जाऊन त्याला हाताला धरून आत आणलं. न विचारता यायला हवं होतं मी तेव्हा, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, फाडलेल्यातलं दुसरं पत्र टाकायला हवं होतं. एवढंच बोलणं झालं.

आता तो मागच्या खोलीत टपालाच्या थैल्यांवर टेकून बसलाय आणि पाणी पितोय. उंचीमुळे डोळ्यांतून पाणी येतं असं त्याचं म्हणणं आहे. बावीस वर्षांत मलाही आज पहिल्यांदाच उंची बाधली.

तुम्ही खोली सोडा. हे येतील, सामान त्यांच्याकडे द्या, आणि उद्याची बस जाऊ दे. पुढच्या महिन्यात ऑपरेशनला मी येते आहे. येऊ का म्हणून विचारत नाही, येते आहे असं कळवते आहे.

तुमची,
धाकटी